पानांवरील लव आणि वनस्पतींचीं भावंडें

भाद्रपदांत गणेशपूजनासाठीं एकवीस पत्री जमविण्याचें काम ज्या घरांत अजून चालतें, त्या घरांतील मुलांस वनस्पतिशास्त्राचा पहिला धडा निराळा द्यावा लागत नाहीं. डोरली, मरवा, माका आणि रुई हीं एकमेकांपासून वेगळीं काढतांना वडील मंडळी केवळ पानाचा आकार पाहत नाहींत. पान बोटांनीं चोळतात, हुंगतात, उलटून त्याची खालची बाजू पाहतात. डोरलीचें पान वांग्याच्या पानासारखें खरबरीत लागतें. माक्याच्या पानावर देंठाकडून टोंकाकडे बोट फिरविलें तर तें सहज सरकतें, उलट फिरविलें तर अडखळतें. रुईच्या कोंवळ्या पानाची पांढुरकी लव बोटास लागते. आणि मरवा चोळतांच सुगंध सुटतो. हे चारहि अनुभव एकाच गोष्टीचे आहेत. पानाच्या त्वचेवर जी बारीक लव असते, तिचींच हीं चार रूपें होत.

ही लव म्हणजे पानाचा केवळ साज नव्हे. एकमेकींशीं अगदीं जवळचें नातें असलेल्या, आणि म्हणूनच सहज फसविणाऱ्या वनस्पती ओळखण्याचें तें एक साधन आहे. ज्या घरांत बलातैल किंवा बलारिष्ट येतें, त्या घरापर्यंत ह्या साधनाचा संबंध पोंचतो. तो कसा, आणि ह्या साधनावर विश्वास कोठवर ठेवावा, हें आज पाहूं.

लव म्हणजे काय?

माणसाचा केस आणि वनस्पतीचा केस ह्यांत नामसाम्यापलीकडे फारसें साम्य नाहीं. आपला केस त्वचेंतून बाहेर आलेला निर्जीव धागा होय. वनस्पतीचा केस म्हणजे त्वचेंतील एखादी पेशीच बाहेरच्या बाजूस वाढलेली. कधीं ती एकटीच लांबते, तर कधीं तिचे भाग पडून दोन, चार, दहा पेशींची माळ बनते. ह्याचें सर्वांत ओळखीचें उदाहरण कापूस. सरकीच्या सालीवरील एकेक पेशी वाढत वाढत अडीच-तीन सेंटिमीटर लांब होते, आणि तोच आपला कापसाचा तंतु. एक तंतु म्हणजे एक पेशी, असा हा सरळ हिशेब आहे. छत्रपती संभाजीनगरच्या प्रसिद्ध हिमरू वस्त्रांत रेशमाच्या जोडीनें जो कापूस विणला जातो, ती मुळांत वनस्पतीची लवच आहे. पानांवरील लव मात्र बहुधा मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. म्हणून तिची घडण पाहावयास भिंग किंवा सूक्ष्मदर्शक यंत्र लागतें.

यंत्राखालीं पाहिलें म्हणजे ह्या लवेचे नाना प्रकार दिसतात. त्यांतील चार मुख्य ध्यानांत ठेविले तरी पुष्कळ काम भागतें. पहिला साधा केस : सरळ, टोंकदार, एका अथवा अनेक पेशींचा. दुसरा तारकेसारखा : एकाच बुंध्यापासून चार, सहा, आठ किरण चोहोंकडे पसरलेले. डोरलीच्या आणि वांग्याच्या पानांचा खरखरीतपणा ह्या तारकांमुळें येतो. तिसरा तराजूसारखा : मध्यें आंखूड उभा देंठ आणि त्यावर आडवी दांडी, शेतांच्या बांधांवर जांभळीं फुलें धरणाऱ्या सहदेवीच्या पानावर असे केस सांपडतात. चौथा ग्रंथियुक्त : देंठावर किंवा देंठाशिवाय एक गोल डोकें, आणि त्या डोक्यांत तेल अथवा चिकट रस. तुळस, मरवा, सबजा ह्यांचा सुवास अशा डोक्यांतच सांठविलेला असतो. पान चोळलें कीं तीं फुटतात आणि वास दरवळतो.

येथें एक सावधगिरी आरंभींच सांगितली पाहिजे. तारकेसारखी लव वांग्याच्या पानावर असते, तशी कापसाच्या कुळांतील अनेक वनस्पतींवरहि असते. पण म्हणून वांगें आणि कापूस नातलग ठरत नाहींत. त्यांचीं फुलें अगदीं निराळीं, कुळें निराळीं. दोन घराण्यांत एकच नांव चालावें, तसाच हा प्रकार. उलट, एकाच कुळांतील आणि एकाच गणांतील वांग्याच्या पानावर तारका असतात, तर कामोणीच्या पानावर साधे केस असतात. बटाट्याच्या पानावरहि तारका नसतात. तेव्हां कुळाचा निर्णय फुलावरून करावा, आणि कुळ ठरल्यावर भावंडांतला भेद लवेला विचारावा, हा ह्या शास्त्रांतील व्यवहार आहे. लवेस वंशावळ विचारली तर ती चुकेल. एकाच घरांतील दोन बहिणी वेगळ्या ओळखावयाच्या असतील तर ती बहुधा खरें सांगेल.

बलेचा गोतावळा

असा गोतावळा पाहावयास दूर जावयास नको. छत्रपती संभाजीनगरांत पाऊस थांबतां थांबतां पडीक जमिनींत, रस्त्यांच्या कडेस, डोंगरउतारांवर पिवळ्या फुलांचीं कांहीं काटक झुडुपें उगवतात. फूल पांच पाकळ्यांचें आणि लहान, पानांच्या कडा दांतेरी, बुंधा चिवट. सालीची दोरी वळावी इतका तिच्यांत वाख असतो. कापूस, भेंडी आणि जास्वंद ज्या कुळांतलीं, त्याच कुळांतलीं हीं. आणि आयुर्वेदांत ज्यांस बला, अतिबला, महाबला, नागबला म्हणतात, त्यांतील पुष्कळ ह्याच गोतावळ्यांतील आहेत.

शास्त्रीय भाषेंत बलेचें नांव सिडा कॉर्डिफोलिया. मराठींत तिला चिकणा म्हणतात. हिचें पान हृदयाच्या आकाराचें आणि मखमलीसारखें मऊ. भिंगाखालीं त्या मखमलीचीं दोन सूतें दिसतात : दाट पसरलेल्या तारका, आणि त्यांच्या मधून, विशेषतः देंठावर व खोडावर, उभे राहिलेले लांब साधे केस. महाबला म्हणजे सिडा ऱ्होंबिफोलिया. हिच्या पानाची खालची बाजू बारीक तारकांनीं करडी-पांढुरकी झालेली असते; चिकण्याचे ते लांब केस मात्र नसतात. सिडा अ‍ॅक्युटा ही तिसरी, रस्त्याच्या कडेस सर्वांत सहज सांपडणारी. तिचें पान लांबट आणि जवळजवळ गुळगुळीत. लव असलीच तर विरळ. चौथी भुईबला, सिडा कॉर्डाटा, ही जमिनीवर पसरते, आणि तिच्या नाजूक फांद्यांवर विरळ पण लांब साधे केस दिसतात. अशा रीतीनें चार बहिणी, आणि चौघींच्या अंगावरील वस्त्र निराळें.

अतिबलेची गोष्ट ह्याहून बोधप्रद आहे. तिला मराठींत मुद्रा किंवा पेटारी म्हणतात. फळ चक्रासारखें, ठशाच्या साच्यासारखें दिसतें, म्हणून हें नांव. औषधांतील अतिबला म्हणजे अब्युटिलॉन इंडिकम. परंतु तिच्या शेजारींच अब्युटिलॉन हिर्टम नांवाची दुसरी मुद्रा उगवते. फळें दोघींचीं चक्राकार, फुलें दोघींचीं पिवळीं; दुसरीच्या फुलाच्या मध्यभागीं गडद जांभळा डाग असतो खरा, परंतु फूल नसेल त्या दिवसांत काय करावें? तेव्हां खोडावर बोट फिरवावें. पहिलीची लव बारीक, दाट, करडी आणि कोरडी. तींत तारकाच अधिक. दुसरीच्या खोडावर लांब, आडवे पसरलेले साधे केस आणि त्यांच्या मध्यें चिकट डोक्याचे ग्रंथियुक्त केस. हात लावतांच बोटें चिकटतात. जें बोटास कळतें, तेंच यंत्राखालीं डोळ्यास दिसतें.

हा भेद कशासाठीं?

कोणी म्हणेल, चारी बलाच आहेत, कोणतीहि चालेल. परंतु भारतीय आयुर्वेदीय औषधिकोशानें बला म्हणून सिडा कॉर्डिफोलियाचें मूळ सांगितलें आहे, अतिबला म्हणून अब्युटिलॉन इंडिकमचें. हा नेम निष्कारण नाहीं. चिकण्यांत एफेड्रीन वर्गाचीं द्रव्यें अल्प प्रमाणांत आढळतात. हीं द्रव्यें हृदयाची गति आणि रक्ताचा दाब वाढवितात. त्यांचा गैरवापर होऊं लागला तेव्हां अमेरिकेनें २००४ सालीं एफेड्रीन वर्गाचीं द्रव्यें असलेल्या आहारपूरक औषधांवर बंदी घातली. कोणत्या जातींत कोणतें द्रव्य किती, ह्यांत अंतर पडतें. तेव्हां एका जातीच्या जागीं दुसरी घेणें म्हणजे मात्रेचा अंदाज सोडून देणें होय. घरांतील वृद्धांस आधींच रक्तदाबाचें औषध चालू असेल, तर ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आणि बदल प्रत्यक्षांत किती होतो? दक्षिण भारतांतील बाजारांतून बला म्हणून घेतलेल्या नमुन्यांची तपासणी करून २०१५ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत पेशींतील डीएनए वाचून जात ठरविली होती. सुमारें पाऊण नमुने सिडाच्याच इतर जातींचे निघाले, उरलेले तर भलत्याच वनस्पतींचे. आणि खऱ्या सिडा कॉर्डिफोलियाचा एकहि निघाला नाहीं. ह्यांत सर्वत्र लबाडीच असेल असें नाहीं. मुळें खणून आणणाऱ्यास जी बला ओळखूं येते ती तो आणतो, आणि त्याच्या गांवांत जिला बला म्हणतात ती कदाचित् निराळीच असते. नांव एक आणि वस्तु अनेक, हें आपल्या औषधिव्यवहाराचें जुनें दुखणें आहे.

विश्वास कोठवर ठेवावा?

लवेवर विश्वास ठेवूं नये, असें सांगणाराहि लहान माणूस नव्हता. वनस्पतींस द्विनाम देण्याची पद्धति रूढ करणारा लिनियस हा स्वीडिश शास्त्रज्ञ. चिकणा आणि महाबला ह्यांस सिडा कॉर्डिफोलिया व सिडा ऱ्होंबिफोलिया हीं नांवें १७५३ सालीं त्यानेंच दिलीं. त्याच्या आधीं दोन वर्षें लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें बजावलें होतें कीं, लवेच्या भेदावर जाति ठरविणें हास्यास्पद आहे. जागा बदलली किंवा मशागत झाली कीं वनस्पति आपली लव टाकून देते.

हें म्हणणें खोटें नव्हतें. कोरड्या जागीं वाढलेल्या रोपावर लव दाट येते, ओल्या सावलींत विरळ. पुढें तर असें आढळलें कीं, मोहरीच्या कुळांतील अ‍ॅराबिडॉप्सिस ह्या लहान वनस्पतींत एकच जनुक बिघडलें तरी पान साफ केसरहित होतें. हें जनुक शास्त्रज्ञांनीं १९८९ सालीं वेगळें करून दाखविलें. एवढ्याशा कारणानें जी वस्तु येते-जाते, तिच्या केवळ असण्या-नसण्यावर जातीचा निवाडा कसा करावा?

उत्तर असें कीं, लव किती आहे हें विचारूं नये. कशी आहे हें विचारावें. उन्हानें तारका दाट होतील किंवा विरळ होतील, परंतु तारकांचे तराजू होत नाहींत. केसाची संख्या परिस्थितीवर अवलंबून असते. घडण बहुधा वंशावर. ह्या विचारानें जर्मन शास्त्रज्ञ सोलेरेडर ह्यानें १८९९ सालीं वनस्पतींच्या अंतर्रचनेचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत कुळागणिक लवेची नोंद केली. १९५० सालीं मेटकाफ आणि चॉक ह्या इंग्रज ग्रंथकारांनीं तें काम अधिक विस्तारानें पुढें नेलें. आपल्याकडे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठांत एन्. रामय्या ह्यांनीं सूर्यफुलाच्या कुळांतील लवेचा अभ्यास करून १९६२ पासून निबंध प्रसिद्ध केले, आणि पुढें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कापसाच्या कुळांतील तारकाहि तपासल्या.

उस्मानिया विद्यापीठाचा उल्लेख झाला, तेव्हां मराठवाड्याचा जुना अडसरहि सांगितला पाहिजे. थिओडोर कुक ह्यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ ह्या काळांत निघाला आणि महाराष्ट्रांतील अभ्यासकांस तो दीर्घ काळ आधार झाला. परंतु औरंगाबाद तेव्हां निजामाच्या राज्यांत. इलाख्याची सीमा आली कीं ग्रंथ थांबे. वनस्पति मात्र सीमा ओळखत नव्हत्या. ती उणीव पुष्कळ उशिरां भरून आली. १९५८ सालीं स्थापन झालेल्या, आणि आतां डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ ह्या नांवानें चालणाऱ्या विद्यापीठांतील प्राध्यापक व्ही. एन्. नाईक ह्यांनीं मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ सालीं औरंगाबादहून प्रसिद्ध केला. असा ग्रंथ हातीं असला म्हणजे रोपाची ओळख पायरीपायरीनें करतां येते : आधीं फूल, मग फळ, आणि सख्ख्या जाती समोर आल्या कीं लव. वर्णनांतील ‘लव करडी, तारकायुक्त’ हे दोन शब्द वाचणाऱ्यास क्षुल्लक वाटतात. निर्णय पुष्कळदां त्यांवरच टेंकलेला असतो.

लवेनें एक अवघड गुंता कसा सोडविला ह्याचें उदाहरण आपल्या ओळखीच्या एका तणाच्या नातलगांत सांपडतें. गाजरगवत आज मराठवाड्यांतील प्रत्येक पडीक जागीं दिसतें. भारतांत त्याच्याकडे लक्ष गेलें तें १९५५ सालीं पुण्यांत. ह्याच गणांतील ग्वायुले नांवाचें झुडूप मेक्सिकोंत व टेक्सासांत होतें आणि त्यापासून रबर निघतें. दुसऱ्या महायुद्धांत मलायाचें रबर जपानच्या हातीं गेलें, तेव्हां अमेरिकेनें ह्या झुडुपाची लागवड हातीं घेतली. पण त्याच्या शेजारीं मारिओला नांवाची रबर न देणारी बहीण वाढत असे, आणि मधल्याच रूपाचीं कांहीं झुडुपें आढळत. रीड रोलिन्स ह्या शास्त्रज्ञानें पानांची लव पाहिली. ग्वायुलेचे केस तराजूच्या दांडीसारखे, मारिओलाचे चाबकासारखे लांब टोंकाचे. आणि संशयित झुडुपांचे दोहोंच्या मधले. तीं झुडुपें संकरज आहेत हें त्यानें १९४४ सालीं इतर पुराव्याच्या जोडीस ह्या लवेवरून दाखविलें.

तथापि घडणहि कधीं कधीं वयाप्रमाणें बदलते. टोमॅटोच्या गणांतील लवेचे सात प्रकार लकविल ह्यानें १९४३ सालीं ठरविले. त्यांतील चौथा प्रकार कांहीं रानटी जातींत विपुल, आणि आपल्या लागवडीच्या टोमॅटोंत नाहींच, असें मानीत. २०१७ सालीं ब्राझिलमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, तो लागवडीच्या टोमॅटोंतहि असतो. मात्र फक्त रोपाच्या अगदीं पहिल्या पानांवर. म्हणून तुलना करतांना दोन्ही रोपांचीं एकाच वयाचीं पानें आणि पानाची एकच बाजू घ्यावी, हा नियम कटाक्षानें पाळावा लागतो.

घरीं करण्याजोगें

ह्यासाठीं मोठी प्रयोगशाळा लागत नाहीं. मनु प्रकाश ह्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञानें अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत जाड कागद घडी घालून तयार होणारें सूक्ष्मदर्शक यंत्र बनविलें आणि २०१४ सालीं जगापुढें मांडलें. फोल्डस्कोप नांवाचें हें यंत्र वस्तु सुमारें १४० पट मोठी दाखवितें आणि शाळकरी मुलास परवडतें. वांग्याचें एक जून पान घ्यावें. पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या खालच्या बाजूवर हलकेंच दाबावा आणि उचलून कांचपट्टीवर चिकटवावा. लव पट्टीबरोबर येते. उजेडाकडे धरून पाहिलें कीं तारका दिसतील. मग बटाट्याच्या वेलाचें, भेंडीचें, तुळशीचें आणि दारच्या मुद्रेचें पान अशाच रीतीनें पाहावें. प्रत्येकाचें चित्र मुलांकडून वहींत काढून घ्यावें. शेजारीं दिवस, जागा आणि पान कोंवळें कीं जून हें लिहावें. एका पावसाळ्यांत वीस-पंचवीस चित्रें झालीं, म्हणजे घरांत एक लहानसा उपयोगी कोश तयार होतो.

राहतां राहिला औषधाचा प्रश्न. बलेचें औषध मुळाचें, आणि पानावरच्या तारका मुळावर नसतात. दुकानांत मूळ येतें तें कापून, वाळवून, पानांपासून तोडून. म्हणजे साक्षीदारास बाहेर ठेवूनच वस्तु पुढें केली जाते. तेथें मग डीएनएची खर्चिक परीक्षा तरी करावी, नाहींतर विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावें. ह्यावर साधा उपाय एवढाच कीं, ओळखीच्या वैद्यांकडून किंवा वनस्पति आणणाऱ्याकडून बला घ्यावयाची झाल्यास ती पाल्यासकट, शक्य तर फळासकट मागावी; त्यांतील एक डहाळी वर्तमानपत्राच्या घडींत दाबून, वाळवून, तारीख घालून ठेवावी. वाळलेल्या पानावरहि लव शाबूत राहते. कोरड्या जागीं नीट जपलेल्या डहाळीच्या तारका पुष्कळ वर्षांनींहि मोजतां येतात. पुढें कधीं शंका आली तर ती डहाळी कोणाहि जाणकारास दाखवितां येईल. औषध घ्यावें कीं नाहीं, हें वैद्यांस अथवा डॉक्टरांस विचारूनच ठरवावें. परंतु आपण जें घेत आहों त्याचें नांव तरी खरें आहे ना, एवढें पाहणें आपल्या हातीं आहे.